नळीतील सऱ्या-वरंबे

पिस्तुलाची नळी बाहेरून गुळगुळीत असते. पण तिच्या पोटात डोकावले, तर नांगरलेल्या वावरासारखे सऱ्या-वरंबे दिसतात. फरक एवढाच, की हे सरळ न जाता मळसूत्राप्रमाणे पीळ घेत नळीच्या तोंडाशी येतात. दारूच्या धक्क्याने गोळी पुढे रेटली जाते तेव्हा तिचे मऊ अंग या वरंब्यांत रुतते, ती भोवऱ्यासारखी फिरू लागते, आणि फिरते म्हणूनच न डगमगता नेमावर जाते. शतकानुशतके कारागिरांचे लक्ष या नेमाकडेच होते. गोळीच्या अंगावर उमटणाऱ्या खुणा एखाद्याच्या जीवन-मरणाचा प्रश्न होतील, हे त्यांच्या गावीही नव्हते.

या सऱ्यांचे प्रकारही अनेक झाले. इंग्रज यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ याने १८५० नंतरच्या दशकात सऱ्या वगळून नळीचे भोकच षट्कोनी व पीळदार केले. मेटफर्डने उथळ, गोलसर कडांच्या सऱ्या योजल्या. काळ्या दारूची काजळी त्यांत कमी साचे. पुढे कॉर्डाइट ही प्रखर उष्णतेची दारू आली आणि त्या भराभर झिजू लागल्या. तेव्हा १८९५ साली ब्रिटिश सैन्याने कोरीव कडांच्या पाच सऱ्यांची एनफील्ड नळी पत्करली.

सैन्याच्या रायफलींचा असा काटेकोर विचार होत असता, पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे मात्र प्रत्येक कारखानदार आपापल्या रीतीने घडवीत असे. कोणाच्या नळीत किती सऱ्या, त्या किती रुंद, पीळ डावा की उजवा, यांची एकत्र नोंद कोठेच नव्हती. या अज्ञानाने अमेरिकेत एका माणसाला मृत्यूच्या दारापर्यंत नेले.

१९१५ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट शेल्बी या खेड्यात चार्ल्स फेल्प्स नावाचा वृद्ध शेतकरी आणि त्याचे घर सांभाळणारी बाई यांचा गोळ्या घालून खून झाला. समोरच राहणारा अशिक्षित शेतमजूर चार्ल्स स्टीलो याच्यावर आळ आला, कारण त्याच्यापाशी त्याच मापाचे रिव्हॉल्व्हर होते. अल्बर्ट हॅमिल्टन या मनुष्याने न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. पूर्वी तो औषधे विकी आणि अधिकार नसता स्वतःला ‘डॉक्टर’ म्हणवी! नळीच्या तोंडाशी असलेल्या नऊ ओरखड्यांच्या खुणा प्राणघातक गोळ्यांवर उमटल्या आहेत, असे त्याने छातीठोकपणे सांगितले. ज्यूरीतील साध्या माणसांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. स्टीलोला देहान्ताची शिक्षा झाली. १९१६ च्या जुलैमध्ये शिक्षेला तासाहूनही कमी अवधी उरला असता ती तहकूब झाली.

पुढे गव्हर्नर व्हिटमन यांनी या खटल्याची फेरतपासणी करविली. स्टीलोच्या रिव्हॉल्व्हरमधून नव्याने गोळ्या झाडण्यात आल्या आणि सूक्ष्मदर्शक यंत्रांच्या प्रसिद्ध कारखान्यातील मॅक्स पोझर यांनी त्या भिंगाखाली पाहिल्या. ते नऊ ओरखडे कोठेच नव्हते. उलट, खुनातील गोळ्यांवर नळीच्या घडणीतील असा एक दोष उमटला होता, की जो स्टीलोच्या नळीत मुळीच नव्हता. १९१८ साली तो सुटला. तोपर्यंत त्याच्या आयुष्यातील तीन वर्षे गजांआड गेली होती.

या तपासातील एक सहायक चार्ल्स वेट याला ही गोष्ट स्वस्थ बसू देईना. त्याने पिस्तुलांच्या कारखान्यांचे उंबरठे झिजवले. कोल्टच्या नळीत सहा सऱ्या व पीळ डावा, स्मिथ अँड वेसनच्या नळीत पाच सऱ्या व पीळ उजवा, अशी एकेक नोंद त्याने जमविली. अमेरिकेतील कारखाने संपतात न संपतात तोच, युरोपातूनही पिस्तुलांचा लोंढा येत असल्याचे ध्यानात आले, आणि तो समुद्रापार गेला. कारकुनी वळणाचे हे काम. पण हॅमिल्टनच्या वाक्पटुत्वाला खरे उत्तर याच कामाने दिले.

तथापि या नोंदींवरून फार तर शस्त्राची जात कळे, व्यक्ती नव्हे. एकाच साच्यातील दोन नळ्या वेगळ्या ओळखायच्या कशा? पोलाद कापणारे हत्यार प्रत्येक फेरीत किंचित झिजते, धातूचा बारीक कीस आत घासतो आणि प्रत्येक नळीत सूक्ष्म रेघांची निराळी जाळी उठते. १९२५ साली वेटबरोबर काम करणाऱ्या फिलिप ग्रॅव्हेलने दोन सूक्ष्मदर्शक जोडून, दोन गोळ्यांचे अर्धे-अर्धे भाग एकाच दृष्टिक्षेपात जुळवून पाहण्याची सोय केली. आठवणीवर विसंबण्याची गरज त्यामुळे राहिली नाही. वेट दुसऱ्याच वर्षी निवर्तला. त्याचा सहकारी कॅल्व्हिन गॉडर्ड याने ही विद्या न्यायालयांत रूढ केली.

हॅमिल्टनचा व्यवसाय मात्र थांबला नव्हता. साको व व्हान्झेटी यांच्या गाजलेल्या खटल्यात १९२३ साली त्याने दोन नवी पिस्तुले न्यायालयात आणली. पुढे साकोच्या पिस्तुलातील मूळ नळी त्यांपैकी एकात निघाली!

आजही प्रश्न पुरता मिटलेला नाही. रेघा जुळल्या असे ठरविताना अखेर परीक्षकाच्या डोळ्यावरच भिस्त राहते, आणि किती जुळणी पुरेशी मानावी याचे नेमके माप ठरलेले नाही, असा आक्षेप अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००९ साली नोंदविला. त्यात १९८० नंतर ग्लॉकसारख्या पिस्तुलांतून व्हिटवर्थची बहुकोनी नळी नव्या रूपाने परतली आहे. तिच्यात धारदार वरंबे नसल्याने गोळीवर खुणा फिकट उमटतात, आणि भिंगाखाली बसलेल्या परीक्षकाला त्या जुळविणे अवघड जाते.