नियम बदलले तेव्हा : अँडी हुग याची कारकीर्द



ज्या व्यायामशिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या हाताखाली घडलेल्या पिढ्या आज या सभागृहात बसल्या आहेत. जुम्मादादा आणि प्राध्यापक माणिकराव यांच्या आखाड्याची परंपरा ज्या बडोद्याने पाहिली, त्या नगरीत मल्लविद्येची महती सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मी आज एका निराळ्याच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. एका आखाड्यात प्रवीण झालेला खेळाडू दुसऱ्या आखाड्यात उतरतो, तेव्हा त्याच्या विद्येचे काय होते?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव उतरले, तेव्हा तांबड्या मातीत वाढलेल्या त्या मल्लाला गादी नवी होती आणि तिथले नियमही नवे होते. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. पदकाची आठवण आपण आवर्जून काढतो. परंतु मधल्या चार वर्षांत त्यांना काय काय नव्याने शिकावे लागले असेल, याचा विचार क्वचितच करतो. तोच विचार आज मी एका स्विस खेळाडूच्या चरित्राच्या आधारे मांडणार आहे. त्याचे नाव अँडी हुग. कराटेतील कीर्ती पाठीशी असताना तो व्यावसायिक किकबॉक्सिंगमध्ये शिरला आणि तेथे त्याला जवळजवळ पहिल्या इयत्तेपासून आरंभ करावा लागला.

प्रथम या दोन खेळांचे नाते पाहू. मासुतात्सु ओयामा यांनी जपानमध्ये क्योकुशिन ही कराटेची कठोर शाखा स्थापन केली. तिच्या स्पर्धांत खेळाडू हातमोज्यांवाचून, पूर्ण ताकदीने प्रहार करतात. मात्र चेहऱ्यावर हाताने ठोसा मारण्यास मनाई असते. लाथ डोक्यावर चालते, मूठ चालत नाही. १९६४ साली ओयामा यांच्या गोटातील तीन कराटेपटू बँकॉकला जाऊन थाई मुष्टियोद्ध्यांशी लढले व त्यांपैकी दोघे विजयी झाले. या दोन विद्यांच्या संघर्षातूनच ओसामु नोगुची या जपानी प्रवर्तकाने १९६६ च्या सुमारास ‘किकबॉक्सिंग’ हे नाव आणि हा व्यवसाय उभा केला. त्याचा पहिला मोठा नायक तादाशी सावामुरा हा मूळचा कराटेपटूच होता. त्याच वर्षी एका थाई योद्ध्याने त्याला एकाच लढतीत सोळा वेळा खाली पाडले. तथापि सावामुरा परतला, नव्याने शिकला आणि पुढे दूरचित्रवाणीमुळे जपानच्या घराघरांत पोहोचला. अमेरिकेतही १९७० साली जो लुइस हा कराटेविजेता हातमोजे चढवून रिंगणात उतरला. म्हणजे हुग ज्या वाटेने गेला ती वाट नवी नव्हती. परंतु त्या वाटेवर माणसाला काय सोसावे लागते, हे त्याच्या कारकिर्दीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसते.

अँडी हुगचा जन्म ७ सप्टेंबर १९६४ रोजी झ्यूरिक येथे झाला. बालपण वोहलेन या लहानशा गावी आजी-आजोबांच्या घरी गेले. वडिलांचा सहवास त्याला लाभला नाही. दहा-अकराव्या वर्षी तो क्योकुशिनच्या वर्गात दाखल झाला. पोटापाण्यासाठी त्याने खाटकाच्या धंद्याचे शिक्षण घेतले. पंचविशी गाठण्यापूर्वीच त्याचे नाव युरोपच्या अग्रगण्य कराटेपटूंत घेतले जाऊ लागले. १९८७ साली टोकियोत भरलेल्या क्योकुशिनच्या चौथ्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. जपानबाहेरचा खेळाडू त्या फेरीत येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. शोकेई मात्सुई याने त्याला हरविले, पण हरलेल्या हुगचे नाव जपानी प्रेक्षकांच्या ओठांवर राहिले. टाच उंच उचलून प्रतिस्पर्ध्याच्या मस्तकावर कुऱ्हाडीसारखी खाली आणणारी त्याची लाथ ही त्याची ओळख बनली.

यानंतर आला १९९१ चा प्रसंग. पाचव्या जागतिक स्पर्धेत त्याची गाठ ब्राझीलच्या फ्रान्सिस्को फिल्हो याच्याशी पडली. फेरी संपल्याचा इशारा झाला, हुग सैलावला, आणि त्याच क्षणी फिल्होची लाथ त्याच्या डोक्यावर बसली. हुग निपचित पडला. इशाऱ्यानंतर बसलेली लाथ ग्राह्य धरावी काय? ओयामा यांनी निर्णय दिला की ती ग्राह्य आहे, कारण खऱ्या योद्ध्याने आपली सावधानता कधीही सोडता कामा नये. या निर्णयावर आजही वाद होतो. नियमाच्या अक्षराकडे पाहणाऱ्यास तो अन्याय वाटेल. युद्धविद्येच्या तत्त्वाकडे पाहणाऱ्यास तो कठोर, परंतु सुसंगत वाटेल. मला येथे न्यायनिवाडा करावयाचा नाही. इतकेच नोंदवितो की ज्या संस्थेत त्याचे कौमार्य आणि तारुण्य गेले, तिचा निरोप हुगने त्यानंतर फार विलंब न लावता घेतला.

१९९२ साली तो काझुयोशी इशिई यांच्या सेइदोकाइकान या शाखेत गेला आणि त्याच वर्षी तिची विश्वचषक स्पर्धा त्याने जिंकली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९३ मध्ये, इशिई यांनी ‘के-वन’ ही व्यावसायिक स्पर्धा सुरू केली. कराटे, किकबॉक्सिंग, थाई मुष्टियुद्ध, असे निरनिराळ्या परंपरांतील आठ योद्धे एका रात्रीत बाद पद्धतीने लढत. विजेत्याला एकाच रात्री तीन प्रतिस्पर्धी पार करावे लागत. हातांत मोजे असत आणि चेहऱ्यावर ठोसा मारण्यास मुभा असे. नोव्हेंबर १९९३ मध्ये हुगने मोज्यांच्या लढतींत पदार्पण केले. मार्च १९९४ मध्ये त्याने पहिल्या के-वन स्पर्धेचा विजेता ब्रँको सिकॅटिच याला गुणांवर हरविले. आता हा अजिंक्य होणार, असे पुष्कळांना वाटू लागले.

३० एप्रिल १९९४ रोजी मुख्य स्पर्धेच्या पहिल्याच लढतीत पॅट्रिक स्मिथ या अमेरिकन योद्ध्याने ठोशांच्या माऱ्याने त्याला अवघ्या १९ सेकंदांत गारद केले.

या १९ सेकंदांचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. हुग भ्याला नव्हता, दुबळाही नव्हता. त्याचे शरीर चुकीच्या नियमांसाठी उत्तम तयार झालेले होते. क्योकुशिनमध्ये चेहऱ्यावर मूठ येत नाही; त्यामुळे खेळाडू एकमेकांच्या छातीला छाती भिडवून उभे राहतात, आणि हात सहज खाली राहतात. पंधरा-सोळा वर्षांच्या सरावाने अंगात मुरलेले ते अंतर, तो पवित्रा, ती सवय मोज्यांच्या लढतीत घातक ठरली. टाच मस्तकापर्यंत उचलण्यासाठी एका पायावर उभे राहावे लागते; समोरच्याला ठोसा मारण्याची मुभा असली तर तोच क्षण त्याच्या उपयोगी पडतो. सवय हेच ज्याचे भांडवल, त्याला सवयच मोडावी लागली. नवे शिकण्यापेक्षा मुरलेले विसरणे किती अवघड असते, हे येथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

हुगने मुष्टियुद्धाचे धडे गिरविण्यास आरंभ केला. सप्टेंबर १९९४ मध्ये स्मिथशी पुन्हा लढत झाली आणि या वेळी हुगने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. कथा येथे संपली असती तर ती गोड झाली असती. पण ती तशी संपली नाही. १९९५ साली दक्षिण आफ्रिकेचा माइक बर्नार्डो याने त्याला एकदा नव्हे, दोनदा हरविले. बर्नार्डो उंच, भारी आणि मुष्टिप्रहारात निष्णात होता. हुगची उंची सुमारे १८० सेंटिमीटर, म्हणजे त्या वजनी गटात बेताचीच. वयाची तिशी उलटली होती. जाणकारांनी त्याच्याविषयीची आशा सोडली असती तर त्यांना दोष देता आला नसता.

६ मे १९९६ रोजी योकोहामा येथे के-वनची अंतिम रात्र झाली. हुगने पहिली लढत लवकर संपविली. उपान्त्य लढतीत हॉलंडच्या अर्नेस्टो होस्ट याच्याशी त्याला जादा फेऱ्या खेळाव्या लागल्या आणि निसटता विजय मिळाला. अंतिम लढतीत थकलेल्या अंगाने तो पुन्हा बर्नार्डोसमोर उभा राहिला. दुसऱ्या फेरीत त्याने गर्रकन वळून आपली टाच उंच न उचलता खाली, बर्नार्डोच्या मांडीवर हाणली. मांडीवरच्या त्या प्रहारांनी तो धिप्पाड योद्धा उभा राहू शकला नाही. हुग विजेता ठरला.

येथे क्षणभर थांबू या. हुगने मोज्यांच्या खेळासाठी आपली कराटे टाकून दिली नाही. वळून मारलेली लाथ हा कराटेचाच वारसा होता. त्याने केवळ तिचे लक्ष्य बदलले. मस्तकाऐवजी मांडी निवडली, आणि वळताना अंग ठोशांच्या टप्प्याबाहेर ठेवले. विद्या जुनीच राहिली, तिचे ठिकाण बदलले. जुने सारे कवटाळून बसणारा १९ सेकंदांत पडतो, हे त्याने स्वतः अनुभवले होते. जुने सारे फेकून देणाराही मुष्टियोद्ध्यांत एक दुय्यम मुष्टियोद्धा होऊन राहिला असता.

पुढची वर्षे यशापयशाची मिश्र होती. जुलै १९९७ मध्ये नागोया येथे फिल्होने त्याला पुन्हा पहिल्याच फेरीत पाडले. १९९१ ची परतफेड त्याला करता आली नाही. १९९७ व १९९८ या दोन्ही वर्षी तो के-वनच्या अंतिम लढतीत पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला. आधी होस्टकडून, नंतर पीटर आर्ट्सकडून. मायदेशी झ्यूरिकमध्ये मात्र त्याच्या लढतींना गर्दी लोटत असे. जून २००० मध्ये तेथे त्याने क्रोएशियाच्या मिर्को फिलिपोविच याला हरवून आपल्या स्विस प्रेक्षकांचा निरोप घेतला. जुलैमध्ये जपानमधील सेंदाई येथे तो अखेरची लढत जिंकला. ऑगस्टमध्ये टोकियोत त्याला तीव्र रक्तकर्करोग झाल्याचे निदान झाले, आणि २४ ऑगस्ट २००० रोजी त्याचे निधन झाले. छत्तिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. पत्नी आणि लहान मुलगा मागे राहिले. परदेशी योद्ध्यासाठी जपानी लोकांनी केलेला शोक त्या काळी जगाने पाहिला.

व्यावसायिक खेळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथे पैसा असतो, झगमगाट असतो, आणि पैशाबरोबर येणारे दोषही असतात. के-वनचे संस्थापक इशिई यांना पुढे करचुकवेगिरीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. कराटेच्या जुन्या आचार्यांना हा सारा मार्गच विद्येची विक्री वाटत असे, आणि त्यांची भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. तथापि त्या बाजारात उभे राहूनही एका माणसाने विद्येशी प्रामाणिक राहून दाखविले, ही वस्तुस्थिती उरते.

मित्रहो, आपल्या शाळेतून बाहेर पडलेला प्रत्येक विद्यार्थी केव्हा ना केव्हा अशा मैदानात उतरतो जिथले नियम शाळेने शिकविलेले नसतात. माजी विद्यार्थ्यांना याचा अनुभव आहे. कोणी परप्रांतात, कोणी परभाषेत, कोणी चाळिशीत नव्या व्यवसायात आपले १९ सेकंद भोगले असतील. शाळेने आपल्याला प्रत्येक मैदानाचे नियम शिकवावेत, ही अपेक्षा अवाजवी आहे. मात्र पडल्यावर, वयाची आणि कीर्तीची लाज न बाळगता पुन्हा शिकाऊ होण्याची तयारी शाळा देऊ शकते. ज्या गुरुजींचे आज आपण स्मरण करीत आहोत, ते हरलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मैदानावर बोलावीत असत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी माझे व्याख्यान संपवितो.