दुर्बीण लहान आतड्यात पोचली कशी?

"पोट उघडूनच बघावं लागेल." हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी घरांनी ऐकलंय. हिमोग्लोबिन सारखं घसरतंय, शौचाला काळं होतंय. जठराची दुर्बीण झाली, मोठ्या आतड्याची झाली, दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. मग रक्त जातंय कुठून? उरतं ते मधलं लहान आतडं. सुमारे सहा मीटर लांब, वेटोळी घालून पोटात सैल पडलेलं. आज तिथली बरीचशी गाठ पोट न फाडता काढता येते. पण हे जमायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. का, ते सांगतो. पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

पहिली अडचण उजेडाची. जर्मनीत आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरने 1868 मध्ये तलवार गिळणाऱ्या एका कलाकाराच्या घशातून सरळ नळी थेट जठरात घातली. नळी गेली, पण आत उजेड पुरेना. पुढची जवळपास नव्वद वर्षं डॉक्टर ताठ किंवा अर्धवट वाकणाऱ्या नळ्यांवरच भागवत होते.

कोंडी फुटली ती काचेच्या तंतूंनी, आणि इथे आपल्या देशाचा माणूस आहे. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली त्यांनी वाकलेल्या काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं; 1954 मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं. ते वाचून अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात बेसिल हर्शोविट्झ कामाला लागले. तंतूतला उजेड बाजूने गळत होता. लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने तंतूवर दुसऱ्या काचेचं आवरण चढवलं आणि गळती थांबली. फेब्रुवारी 1957 मध्ये हर्शोविट्झ यांनी ती लवचिक दुर्बीण आधी स्वतः गिळली, मग काही दिवसांनी पेशंटला दिली. कपानींना पद्मविभूषण मिळालं 2021 मध्ये, मरणोत्तर. असो.

1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास सोडून मोठ्या आतड्यातला पॉलिप देठापाशी आवळला आणि विजेच्या उष्णतेने कापला. पोटाला चीर नाही. म्हणजे उजेड आला, हत्यारही आलं. लहान आतडं मात्र अजून दूरच.

यात सगळ्यात भरडले गेले ते पॉइट्स-जेगर्स नावाच्या आनुवंशिक आजाराचे लोक. नेदरलँड्सचे यान पॉइट्स यांनी 1921 मध्ये एका कुटुंबात तो नोंदवला. 1949 मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड जेगर्स आणि सहकाऱ्यांनी पुन्हा. ओठांवर, गालाच्या आत काळसर ठिपके आणि लहान आतड्यात पॉलिपच्या गाठी. गाठ मोठी झाली की आतडं तिला पुढे ढकलायला जातं आणि स्वतःच स्वतःत शिरतं, दुर्बिणीची नळी मिटावी तसं. मग रात्री-बेरात्री इमर्जन्सी ऑपरेशन, आतड्याचा तुकडा कापायचा. काही वर्षांनी पुन्हा गाठ, पुन्हा तेच. अन्न शोषून घेणारं आतडंच दर खेपेला आखूड होत जाणार, आणि पेशंट बहुतेकदा पोरसवदा. दर दोन मुलांमागे एकाला हा आजार जाण्याची शक्यता असते, म्हणजे एकाच घरात बाप आणि लेक दोघांच्याही पोटावर टाके.

2000 साली गिळायची कॅमेरा-गोळी आली. इस्रायलचे गॅव्हरिएल इद्दान हे मूळचे क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांचे इंजिनिअर. 26 मिलिमीटर लांबीची गोळी पोटातून फोटो पाठवत जाते. पहिल्यांदाच अख्खं लहान आतडं चीर न देता दिसलं. पण गोळीला हात नाहीत. गाठ दिसते, काढता येत नाही.

ते जमवलं जपानच्या जिची विद्यापीठातल्या हिरोनोरी यामामोतो यांनी, 2001 मध्ये. त्यांची कल्पना ऐकायला अगदी घरगुती आहे. दुर्बीण नुसती ढकलली तर सैल आतडं ताणलं जातं, वेटोळं मोठं होतं, टोक पुढे सरकत नाही. यामामोतोंनी दुर्बिणीवर एक बाहेरची नळी चढवली आणि दोन्हींच्या टोकाला एकेक फुगा लावला. एक फुगा फुगवून आतड्याला आतून धरायचं, दुसरा सैल सोडून पुढे जायचं, मग दोन्ही फुगवून मागे ओढायचं. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना कापडाच्या चुण्या नाडीवर गोळा होतात ना, तसं आतडं नळीवर गोळा होतं. सुमारे दोन मीटरच्या दुर्बिणीने कितीतरी लांबचा पल्ला गाठता येतो. तोंडाकडून जिथवर गेलो तिथे आतड्यात शाईची खूण टोचायची आणि दुसऱ्यांदा गुदद्वाराकडून यायचं. खूण दिसली की आतडं पुरं झालं.

गाठ दिसली की बुडाशी सुई टोचून द्रव सोडतात, गाठ वर उचलली जाते, मग फास. ही उचल महत्त्वाची, कारण लहान आतड्याची भिंत पातळ असते. उष्णता खोल गेली तर भोक पडतं. रक्तस्राव होतो, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. गंमत नाही ती. आणि सगळ्या गाठी अशा निघतही नाहीत. भिंतीत खोल रुजलेल्या गाठी आणि कर्करोग यांना सहसा अजूनही ऑपरेशनच. पण पॉइट्स-जेगर्सच्या मुलांचं चित्र पालटलं. आता आठव्या वर्षाच्या सुमारास लहान आतडं तपासायला सुरुवात करा आणि गाठ दीड-दोन सेंटिमीटरची झाली की त्रास होण्याआधीच काढा, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे.

ही फुग्यांची दुर्बीण तालुक्याला मिळणार नाही, पुण्या-मुंबईसारख्या शहरातच जावं लागेल. म्हणून दोन्ही दुर्बिणी नॉर्मल आणि रक्त तरी कमी, असं असेल तर "लहान आतडं कसं बघायचं?" हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. लहान मुलाच्या ओठांवर काळे ठिपके आणि अधूनमधून पोटात कळ, असं दिसलं तरी दाखवून घ्या. ओठांवरचे ठिपके वयाबरोबर फिके पडतात. गालाच्या आतले बहुधा टिकतात, त्यामुळे मोठ्या माणसाला तपासताना डॉक्टर तोंड उघडायला लावून तिथेच बघतात.