ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची तेलगळती : जुन्या वाहनांतील निदान

जुन्या वाहनाखाली पडलेले तेल ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेच आहे का, असल्यास ते नेमके कोठून निसटते आणि गिअरबॉक्स न उतरवता ते थांबवता येईल का, हे ठरवण्याची पद्धत. वऱ्हाडातल्या गॅरेजांत या कामाला ‘लिकेज पकडणे’ म्हणतात. दुरुस्तीपेक्षा हे पकडणेच अवघड, कारण तेल जिथे टपकते तिथून ते क्वचितच गळत असते.

साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाला वंगणापलीकडे काम नसते. ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेणे, आतले क्लच दाबून धरणे, झडपांतून गिअर बदलणे, उष्णता रेडिएटरकडे वाहून नेणे आणि शिवाय वंगण, एवढी सगळी कामे तेच एक तेल करते. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रामॅटिक’ नावाने पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओल्ड्समोबिल गाड्यांत दिला. तेव्हापासून रचना खूप बदलली, तेलावरचे अवलंबन बदलले नाही. मोटारीच्या अशा गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टर धरून साधारण ५ ते ९ लिटर तेल मावते. त्यातले लिटरभर कमी झाले तरी वळणावर किंवा चढावर पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. मग ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग झटका देत निघते, इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही. गळतीकडे दुर्लक्ष केल्याचा खर्च तेलाच्या डब्याच्या किमतीत कधीच मोजता येत नाही. तो जळालेल्या क्लचच्या तबकड्यांत मोजावा लागतो.

अमरावती-अकोला पट्ट्यात जुन्या ऑटोमॅटिक मोटारी थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्या बहुधा शहरातून आलेल्या असतात. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्याने नवी गाडी घेतली की आधीची गावी आईवडिलांकडे येते. ऑटोमॅटिक मारुती झेन, १९९८ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या पिढीतील होंडा सिटीची ऑटोमॅटिक आवृत्ती, पुढची सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) असलेली सिटी, ह्युंदाई ॲक्सेंट आणि १९९५ पासून पुणे परिसरात जुळणी होत आलेल्या मर्सिडीझ, असा हा संसार आहे. निदानाला बसण्याआधी एक गोष्ट तपासावीच लागते. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आलेल्या ‘एएमटी’ला लोक सर्रास ऑटोमॅटिक म्हणतात, पण आत तो साधाच गिअरबॉक्स असतो. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही. गिअर ऑइल वेगळे आणि क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचे हायड्रॉलिक तेल वेगळे. या नोंदीतली निम्मी लक्षणे एएमटीला लागू पडत नाहीत. उलट, ज्याला कोणी ऑटोमॅटिक म्हणत नाही त्या बॅकहो लोडरमध्ये, म्हणजे गावोगावी शेततळी आणि नाले खोदणाऱ्या ‘जेसीबी’त, टॉर्क कन्व्हर्टर असतो. वऱ्हाडातल्या ज्या फिटरने त्याचे सील बदलले आहे, त्याला मोटारीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अगदीच परका वाटत नाही.

या गाड्यांची कसोटी कोठे लागते याचे उदाहरण म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी. हे गाव अमरावती-नागपूर महामार्गावर, अमरावतीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. हा मार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता ५३ आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले आणि आश्विनातल्या पुण्यतिथी महोत्सवाला दूरदूरच्या गाड्या येथे येतात. गिअरबॉक्सच्या दृष्टीने महामार्गावरची सरळ धाव सोपी असते, कारण समोरून वारा मिळतो आणि कन्व्हर्टर कमी घसरतो. महोत्सवाच्या गर्दीत पावलापावलाने सरकणे हे त्याला सगळ्यांत जड. कन्व्हर्टर सतत घसरत राहतो, तेल तापते, फुगते, आणि जे सील थंड असताना कसेबसे धरून होते ते ओलावू लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना एसी लावून केलेल्या शहरातल्या फेऱ्यांचाही परिणाम हाच. रबराच्या सीलना वय आणि उष्णता या दोन्हींमुळे कडकपणा येतो; ओठ लवचीक राहिला नाही की फिरत्या दांड्याला तो चिकटून राहत नाही. पावसाळ्यात आणखी एक अडचण. काळ्या मातीचा चिखल गाडीच्या पोटाला थापला जातो, तेल शोषून घेतो आणि महिनोन्‌महिने खाली थेंब पडू देत नाही. गाडी धुतली त्या दिवसापासून ‘गळायला लागली’ अशी तक्रार येते, ती त्यामुळे.

पहिला प्रश्न द्रवाचा. नवे ऑटोमॅटिक तेल बहुधा लाल रंगाचे असते, पण रंगावर निर्णय देणारा फसतो. वापरून जुने झालेले तेल तपकिरी होऊन इंजिन ऑइलसारखे दिसते. काही कूलंटही लाल-गुलाबी असतात. अनेक जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये हेच लाल तेल किंवा त्याच कुळातले तेल असते, आणि स्टिअरिंगच्या होजचे तेल ओघळत गिअरबॉक्सवर येऊन थांबते. उन्हाळ्यात डाव्या बाजूच्या प्रवाशाच्या पायांखालून पडणारे एसीचे पाणी पाहून गाडी गॅरेजला आणणारेही कमी नाहीत. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरावा. पुढची चाके कोठे होती ते त्यावर पेनने आखून ठेवावे, म्हणजे सकाळी डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते कळते. डागाचा एक थेंब वाटीभर पाण्यात टाकला तर तेल तरंगते आणि कूलंट मिसळून जातो. कूलंट चाखून पाहण्याची काही जुन्या हातांची सवय मात्र घातक आहे. इथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि विषारी असते.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि घाईत नेमका तोच सुटतो. इंजिन चालू असतानाच गळत असेल तर संशय दाबाखालच्या जागांवर : कूलरच्या नळ्या, त्यांचे होज आणि क्लिपा, कन्व्हर्टरच्या मानेवरचे पंपाचे पुढचे सील. गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच डबके दिसत असेल तर गोष्ट वेगळी. बंद गाडीच्या कन्व्हर्टरमधले तेल पंपाच्या वाटेने हळूहळू चेंबरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या डब्यात, उतरते आणि तिथली पातळी नेहमीपेक्षा वर चढते. मग गिअर लिव्हरच्या दांड्याचे सील, वायरिंगच्या जोडाची ओ-रिंग किंवा डिपस्टिकच्या नळीचे बूड अशा एरवी कोरड्या राहणाऱ्या जागा पाझरतात. आठवडा-आठवडा अंगणात उभ्या राहणाऱ्या गाडीत हा प्रकार विशेष. मालक म्हणतो, चालवली की गळत नाही. तो बरोबर सांगत असतो.

त्यानंतर सफाई. तेलाने माखलेल्या गिअरबॉक्सवर गळतीची जागा दाखवणे हा अंदाज झाला, निदान नव्हे. डीग्रीझरने किंवा केरोसीनने पोट धुऊन, हवेच्या नळीने सुकवून, संशयित जागांवर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर फुंकावी. दहा-पंधरा किलोमीटर फिरून आल्यावर पावडरीत ओघळाची रेघ उमटलेली दिसते. रेघेचे सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे टोक शोधायचे, कारण गुरुत्व तेलाला खाली नेते आणि धावत्या गाडीचा वारा मागे. पॅकिंगच्या जोडाच्या मागच्या कडेला लटकणारा थेंब पुढच्या होजचा असू शकतो. हेही पुरेसे झाले नाही तर तेलात मिसळणारा फ्लुओरेसेंट रंग घालून अतिनील दिव्याखाली पाहतात; नोटा तपासायची जांभळी टॉर्चही अंधाऱ्या गॅरेजात बऱ्यापैकी काम देते. हे सगळे खड्ड्यावर किंवा रॅम्पवर करावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, घोडी न लावता, कोणीही शिरू नये.

सर्वांत महागडा संशय इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या बेल हाउसिंगचा. तिथून तेल आले की ते पंपाच्या सीलचे असेल किंवा इंजिनाच्या मागच्या क्रँक सीलचे, आणि दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पण त्याआधी वर पाहावे : टॅपेट कव्हरचे इंजिन ऑइल मागच्या बाजूने ओघळून तिथेच येते, आणि कूलरच्या नळीचा जोडही बऱ्याच गाड्यांत तिथून जवळच असतो. पंपाचे सील नुकते बदलूनही पुन्हा गळत असेल तर दोष सीलचा नसतो. आतले बुश झिजलेले असते किंवा कन्व्हर्टरच्या मानेवर जुन्या सीलने खोबण पाडलेली असते; नख फिरवले की ती लागते. ॲक्सलच्या सीलची गोष्टही तशीच. ॲक्सल हलत असेल तर तिसरे सीलही टिकणार नाही.

चेंबरच्या पॅकिंगबाबत गावातल्या हातांचा एक दोष जुना आहे : गळते म्हणून नट कसायचे, आणि कसल्याने जास्त गळले की आणखी कसायचे. पत्र्याच्या चेंबरचे बोल्ट अगदी थोड्या जोरावर, बहुतेक गाड्यांत सुमारे १० न्यूटन-मीटर, बसवायचे असतात. जास्त कसल्याने पत्र्याची कड बोल्टभोवती वाकते, पॅकिंग पिळून बाहेर येते आणि मधल्या भागात फट राहते. अशा चेंबरवर शेलॅकचा थर कितीही दिला तरी उपयोग नाही. आधी कड लाकडाच्या ठोकळ्यावर सरळ करावी लागते. चेंबरच्या फुटक्या जागेवर एम-सील लावून वेळ मारून नेणे समजण्यासारखे आहे, पण पॅकिंगच्या जोडावर ते लावले की पुढचा कारागीर चेंबर फोडूनच काढतो. या सगळ्याआधी ब्रीदरची, म्हणजे गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेची, टोपी उघडून पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. ती चिखलाने बुजली असेल तर तापलेल्या गिअरबॉक्समधला दाब सीलमधून वाट काढतो, आणि सहा ठिकाणांहून गळणारी गाडी एका टोपीने कोरडी होते.

काही वेळा पुठ्ठा कोरडा असतो आणि तेल तरीही कमी होते. मर्सिडीझच्या १९८०–९० च्या दशकांतील चार गतींच्या गिअरबॉक्सना इंजिनाच्या निर्वातावर चालणारा मॉड्युलेटर असे. त्यातला रबरी पडदा फाटला की पेट्रोल इंजिन ते तेल ओढून जाळते. मागून पांढरा धूर निघतो आणि मालक पिस्टन-रिंगा बदलायला निघतो. मॉड्युलेटरची बारीक नळी ओढून तिच्यात तेल आहे का पाहणे, एवढीच ही तपासणी. त्यानंतरच्या पाच गतींच्या ७२२.६ गिअरबॉक्समध्ये वायरिंगच्या गोल जोडाच्या ओ-रिंगा कडक होतात आणि तेल वायरींच्या आतून चढत थेट नियंत्रण पेटीपर्यंत पोचते. ती पेटी उघडून पाहिल्याशिवाय अशा गाडीचे निदान पूर्ण झाले असे समजू नये. तिसरा प्रकार सर्वांत वाईट : रेडिएटरच्या टाकीतला कूलर आतून कुजतो, तेल आणि कूलंट एकमेकांत शिरतात आणि डिपस्टिकवर गुलाबी मठ्ठ्यासारखा फेस दिसतो. पाण्याने क्लचच्या तबकड्यांवरचे अस्तर सुटते, म्हणून अशी गाडी एक किलोमीटरही चालवायची नसते.

पातळी मोजण्याची रीत गाडीगणिक वेगळी आहे आणि चुकीच्या मोजणीने नसलेली गळती निर्माण होते. बहुतेक गाड्यांत सपाट जागेवर, तेल तापलेले, इंजिन चालू, सगळ्या जागांवरून लिव्हर फिरवून ‘पी’मध्ये आणल्यावर मोजतात. होंडात उलट : इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत. काही मर्सिडीझमध्ये डिपस्टिकची नळी असते पण डिपस्टिक नसते. ती कंपनीच्या वर्कशॉपकडे असते. थंड गिअरबॉक्समध्ये गरम खुणेपर्यंत तेल भरले की तापल्यावर ते फेसाळते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. तेव्हा कमी करायचे असते तेल, बदलायचे नसते सील.

सील मऊ करणारी ‘लीक-स्टॉप’ द्रव्ये कडक झालेल्या सीलवर काही महिने काम देतात, फाटलेल्यावर नाही. त्याच कामासाठी गिअरबॉक्समध्ये ब्रेक ऑइल ओतण्याचा उपाय काही जण सांगतात. तो सील फुगवून शेवटी सगळेच रबर नासवतो. भरतीचे तेलही ‘लाल’ आहे एवढ्यावर घेऊ नये. होंडाचे, ह्युंदाईचे आणि सीव्हीटीचे तेल वेगवेगळे असते, आणि ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगसाठी दुकानात असलेला डबा सीव्हीटीत ओतला तर पट्टा घसरून पुलीवर चरे पडतात. काढलेले तेल मातीत किंवा नाल्यात ओतू नये, ते डब्यात भरून जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. ज्या मोझरीतून तुकडोजी महाराजांची ग्रामसफाईची शिकवण निघाली तिथे हे सांगावे लागू नये, पण लागते.

मोझरीत गाडी अडली तर अमरावतीचे अंतर मोहात पाडते. तेलाची पातळी खुणेत असेल आणि नुसते ठिबकत असेल तर बरोबर योग्य तेलाचा लिटरभर डबा घेऊन, मध्ये एकदा थांबून पाहत, ३५ किलोमीटर जाता येते. धार लागली असेल किंवा गिअर घसरत असेल तर नाही. दोरीने टोचन करून नेणे त्याहून घातक, कारण गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर चालतो : इंजिन बंद आणि चाके फिरती म्हणजे आतले सगळे भाग तेलाविना फिरतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढची चाके उचलून नेता येते, मागच्या चाकांवर चालणारी मागची उचलून किंवा शाफ्ट सोडवून. चारही चाके वर घेणारी गाडी मिळाली तर तीच मागवावी. तिचे भाडे एका क्लचच्या संचापेक्षा कमीच पडते.