शिकवलेच नाही, ते परीक्षेत विचारायचे कसे?

१९७७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सार्वजनिक शाळांतील अकरावीच्या विद्यार्थ्यांपुढे एक नवी परीक्षा आली. दैनंदिन व्यवहारात लागणारे वाचन, लेखन आणि अंकगणित, एवढाच तिचा आवाका. निकाल लागला तेव्हा श्वेतवर्णीयांपैकी सुमारे २५ टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले होते. कृष्णवर्णीयांपैकी ७८ टक्के.

बारा वर्षे शाळेत घालवूनही मुलांना धड लिहिता-वाचता येत नाही, अशी ओरड त्या काळी अमेरिकाभर होती. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने १९७६ साली शैक्षणिक उत्तरदायित्वाचा कायदा केला आणि १९७८ च्या दुरुस्तीने त्याला धार दिली : ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याविना हायस्कूलचा डिप्लोमा मिळणार नाही. अनुत्तीर्णांना केवळ शाळा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. नोकरीच्या दारात त्याची किंमत हजेरीच्या पावतीहून फारशी अधिक नव्हती.

परीक्षा पुन्हा देण्याची सोय होती. तरीही तिसऱ्या फेरीनंतर १९७९ च्या तुकडीतील सुमारे २० टक्के कृष्णवर्णीय विद्यार्थी मागेच राहिले. श्वेतवर्णीयांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत होते.

मग विद्यार्थी न्यायालयात गेले. राज्याचे शिक्षण आयुक्त राल्फ टर्लिंग्टन प्रतिवादी झाले आणि खटला ‘डेब्रा पी. विरुद्ध टर्लिंग्टन’ या नावाने इतिहासात गेला.

न्यायाधीश जॉर्ज कार यांच्यापुढचा कळीचा पुरावा म्हणजे साधा वर्षांचा हिशेब. १९७९ साली बारावीत असलेले मूल १९६७ च्या सुमारास पहिलीत गेलेले. वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा. पण फ्लोरिडात कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळा प्रत्यक्षात १९७१ पर्यंत टिकल्या. म्हणजे ज्या वयात अक्षरे आणि पाढे पक्के व्हायचे, ती वर्षे या मुलांनी राज्यानेच दुय्यम ठेवलेल्या शाळांत काढली होती. तेच राज्य आता त्यांना अक्षरओळखीचा जाब विचारत होते!

कार यांनी परीक्षा रद्द केली नाही. डिप्लोमा रोखण्यास मात्र त्यांनी १९८२-८३ च्या शैक्षणिक वर्षापर्यंत मनाई केली. तोवर भेदाच्या शाळेत न बसलेली पिढी बारावीत पोहोचणार होती.

१९८१ साली अपील न्यायालय एक पाऊल पुढे गेले, आणि खटल्याचे खरे महत्त्व इथेच आहे. विद्यार्थ्याने ठरलेला अभ्यासक्रम पूर्ण केला की डिप्लोमाची अपेक्षा हा त्याचा घटनात्मक संरक्षण असलेला हक्क ठरतो. तो हिरावण्यापूर्वी, परीक्षेत विचारलेले वर्गात खरोखर शिकवले गेले होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी राज्याची. पुस्तकात धडा छापलेला असणे पुरेसे नव्हते.

राज्याने मग जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षक आणि विद्यार्थ्यांची पाहणी करून पुरावा उभा केला. १९८३ मध्ये कार यांनी तो मान्य केला, १९८४ मध्ये अपिलातही तो टिकला. विद्यार्थी अखेरीस हरले. १९८३ च्या तुकडीपासून डिप्लोमे रोखले जाऊ लागले.

टेक्सासच्या अशाच परीक्षेवरील खटल्याचा निकाल जानेवारी २००० मध्ये लागला, तेव्हाही न्यायालयाने हीच कसोटी लावली. तिथेही परीक्षा टिकली.