गोल्फ : बंकरमधील वाळू आणि सुटकेचे तंत्र

शीळफाटा - मुंब्रा, कल्याण, महापे आणि पनवेल या चार दिशांचे रस्ते जेथे एकत्र येतात त्या शीळफाट्यावर रेती म्हणजे बांधकामाचे साहित्य. मुंब्र्याच्या रेतीबंदराने खाडीतील रेतीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. याच फाट्यावरून तळोजामार्गे खारघर गाठले, की पांडवकड्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वाळूचे अगदी निराळे रूप दिसते. सिडकोने २०१२ मध्ये खुल्या केलेल्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर ती खेळाडूच्या वाटेतील अडथळा म्हणून मुद्दाम पसरलेली असते. या खड्ड्यांना बंकर म्हणतात. ठाणे, कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील नवोदित गोल्फपटूला सर्वाधिक धास्ती असते ती याच बंकरची. वास्तविक या फटक्यामागील तत्त्व सोपे आहे. मात्र ते इतर सर्व फटक्यांच्या उलट असल्याने अंगवळणी पडण्यास वेळ लागतो.

चेंडूला स्पर्शच नाही

हिरवळीवरील फटक्यात क्लब प्रथम चेंडूला भिडतो. ग्रीनलगतच्या बंकरमध्ये मात्र क्लबने चेंडूला स्पर्श करायचाच नसतो. क्लब चेंडूच्या सुमारे दोन इंच मागे वाळूत शिरतो, चेंडूखालून सरकतो आणि पुढे बाहेर पडतो. उडालेल्या वाळूच्या थरावर बसून चेंडूही बाहेर येतो. चेंडू एखाद्या चलनी नोटेच्या मधोमध ठेवला आहे अशी कल्पना करावी आणि त्या नोटेएवढा वाळूचा पातळ थर उचलून बाहेर फेकावा, असे प्रशिक्षक सांगतात ते यासाठीच.

नवोदितांच्या दोन ठरलेल्या चुका याच ठिकाणी होतात. चेंडू उचलण्याच्या प्रयत्नात क्लब थेट चेंडूवर बसला, तर चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. वाळूला भिऊन हात मध्येच थांबवला, तर चेंडू जागचा हलत नाही. मारण्याची ऊर्जा वाळूत खर्च होत असल्यामुळे हिरवळीवरून तेवढेच अंतर गाठण्यासाठी लागतो त्याच्या दुपटी-तिपटीने मोठा झोका येथे घ्यावा लागतो.

सँड वेजची जन्मकथा

या फटक्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लबला सँड वेज म्हणतात. त्याचे आजचे रूप अमेरिकेचा जीन साराझेन याने १९३०च्या दशकाच्या प्रारंभी घडविले. तोपर्यंतच्या क्लबची धार पातळ असल्याने तो वाळूत खोल रुतत असे. साराझेनने क्लबच्या तळाला धातूचा जास्तीचा थर चढवून तळाची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा खाली आणली. त्यामुळे क्लब वाळूत रुतण्याऐवजी घसरत पुढे जाऊ लागला. १९३२ मध्ये इंग्लंडमधील प्रिन्सेस येथे झालेली ब्रिटिश ओपन त्याने जिंकली, तेव्हा हा नवा क्लब त्याच्या साथीला होता.

तळाच्या या उताराला बाउन्स म्हणतात. सर्वसाधारण सँड वेजच्या पात्याचा कल ५४ ते ५८ अंश आणि बाउन्स १० ते १४ अंश असतो. बंकरमधील बहुतेक सर्व तंत्र हे या बाउन्सला त्याचे काम करू देण्याचे तंत्र आहे.

पवित्रा आणि झोका

उजव्या हाताने खेळणाऱ्या खेळाडूने प्रथम क्लबचे पाते किंचित उजवीकडे उघडावे आणि नंतर पकड घ्यावी. आधी पकड घेऊन मनगटे वळविल्यास झोक्यात पाते पुन्हा मूळ स्थितीत येते. पावले लक्ष्याच्या थोडी डावीकडे रोखावीत व वाळूत हलकेच रोवावीत. त्यामुळे पाय घसरत नाहीत, शरीर थोडे खाली येते आणि वाळू किती भुसभुशीत आहे याचा अंदाजही येतो. पाय रोवण्यास नियमांची हरकत नाही. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत असावा आणि शरीराचा भार डाव्या पायावर थोडा अधिक असावा. नजर चेंडूऐवजी त्याच्या मागील दोन इंचांवरील वाळूवर ठेवावी. झोका पूर्ण करावा. अंतर कमी-अधिक करायचे ते झोक्याच्या लांबीने. क्लब वाळूत सोडून देणे हा मार्ग नव्हे.

सरावासाठी सोपी युक्ती आहे. सरावाच्या बंकरमध्ये वाळूवर एक लांब रेघ ओढावी आणि चेंडू न ठेवता, रेघेवरच क्लब वाळूत शिरेल अशा रीतीने एकामागून एक झोके घ्यावेत. खुणा सातत्याने रेघेवर उमटू लागल्या, की रेघेच्या दोन इंच पुढे चेंडू ठेवावा.

वाळू बदलली, की तंत्र बदलते

वरील वर्णन कोरड्या, मोकळ्या वाळूचे झाले. कोकणपट्टीतील खेळाडूला मात्र वर्षातील चार महिने वेगळीच परिस्थिती अनुभवावी लागते. पावसाने ओली होऊन दबलेल्या वाळूवर अधिक बाउन्स असलेला क्लब आपटून उसळतो आणि चेंडूच्या मध्यावर बसतो. अशा वेळी पाते फार उघडू नये. बाउन्स कमी असलेला क्लब निवडावा आणि झोका आखूड ठेवावा, कारण ओल्या वाळूतून चेंडू अधिक वेगाने निघतो.

वाळूचा कणही महत्त्वाचा असतो. बंकरसाठी पाव ते एक मिलीमीटर आकाराच्या कणांचे प्रमाण अधिक असलेली वाळू योग्य मानली जाते. कोनदार कण एकमेकांत अडकून घट्ट बसतात व चेंडूला आधार देतात. गोलसर कण सरकतात, त्यामुळे उंचावरून पडलेला चेंडू त्यात रुतून बसतो. मातीचे प्रमाण वाढले, तर पाणी मुरत नाही आणि उन्हात वाळू कडक होते. मुसळधार पावसाच्या प्रदेशात बंकरखालील निचऱ्याची व्यवस्था म्हणूनच कळीची ठरते.

चेंडू अर्धा रुतलेला असेल, तर पाते सरळ किंवा किंचित मिटलेले ठेवून क्लब उभा खाली आणावा. येथे क्लब रुतायलाच हवा. असा चेंडू बाहेर पडल्यावर बराच घरंगळतो, हे गृहीत धरावे. ग्रीनपासून दूर असलेल्या फेअरवे बंकरमध्ये नियम पुन्हा उलटतो. तेथे प्रथम चेंडूलाच मारायचे असते आणि बंकरची कड ओलांडेल इतपत उंची देणारा क्लब निवडायचा असतो. चेंडू उंच कडेला चिकटून असेल, तर बाजूला किंवा मागे मारून सुटका करून घेणे शहाणपणाचे.

नियमांचा फास

फटक्यापूर्वी वाळूची परीक्षा घेण्यासाठी तिला मुद्दाम हात, क्लब वा दाताळे लावणे, चेंडूच्या लगत पुढे किंवा मागे क्लब टेकवणे, सरावाच्या झोक्यात अथवा क्लब मागे नेताना वाळूला स्पर्श करणे या गोष्टींना मनाई आहे. स्ट्रोक प्लेमध्ये त्यासाठी दोन फटक्यांचा दंड होतो. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये अमेरिकेच्या डस्टिन जॉन्सनला याची जबर किंमत मोजावी लागली. अखेरच्या होलवर प्रेक्षकांनी तुडविलेली वाळूची जागा बंकर आहे हे त्याच्या ध्यानात आले नाही आणि त्याने क्लब टेकवला. दोन फटक्यांच्या दंडामुळे तो प्लेऑफबाहेर गेला. विजेतेपद जर्मनीच्या मार्टिन कायमरने पटकावले.

२०१९ पासून काही नियम सैल झाले आहेत. बंकरमधील पाने, काटक्या, खडे आता उचलता येतात. चेंडू खेळण्याजोगा नसेल, तर दोन फटक्यांचा दंड स्वीकारून तो बंकरबाहेर मागच्या रेषेत ठेवता येतो. पावसाळ्यात उपयोगी पडणारी तरतूद अशी, की बंकरमध्ये तात्पुरते पाणी साचल्यास बंकरच्या आतच विनादंड दुसरी जागा घेता येते आणि बाहेर यायचे असल्यास एका फटक्याचा दंड पडतो.

एका फटक्याची किंमत

वाळूने दिग्गजांनाही सोडलेले नाही. १९७८ च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलवर जपानच्या टॉमी नाकाजिमाचा चेंडू दोन फटक्यांत ग्रीनवर होता. तेथून त्याचा पट बंकरमध्ये गेला. बाहेर पडण्यास त्याला चार प्रयत्न लागले आणि चार फटक्यांच्या त्या होलवर नऊची नोंद झाली. याउलट १९८६ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये अखेरच्या होलवर बॉब ट्वेने बंकरमधून चेंडू थेट होलमध्ये धाडला आणि ग्रेग नॉर्मनच्या हातचे विजेतेपद हिरावले.

हौशी खेळाडूने ट्वेचे अनुकरण करण्याची गरज नाही. पहिल्याच फटक्यात चेंडू ग्रीनवर आणता आला, तरी त्याच्या धावसंख्येतून प्रत्येक फेरीत काही फटके वजा होतात. चेंडू बाहेर गेला, की शेवटचे एक काम उरते. बंकरच्या कडेला ठेवलेल्या दाताळ्याने आपल्या पावलांच्या खुणा बुजवायच्या. मागून येणाऱ्या खेळाडूचा चेंडू त्याच खुणेत अडकू नये, एवढी काळजी या खेळात प्रत्येकाने घ्यायची असते.