जमीन, अस्तर आणि पार्श्वभूमी : लखनौच्या तैलचित्रणातील एका थराविषयी

मराठीत ‘पार्श्वभूमी’ हा शब्द फार उदारपणे वापरला जातो. व्यक्तिचित्रातील माणसाच्या पाठीमागचा पडदा, आकाश किंवा भिंत ही त्याची पार्श्वभूमी. कादंबरीतील घटनांच्या मागे असलेला सामाजिक इतिहास हीदेखील पार्श्वभूमीच. या वापरात एक भेद मात्र पुसला जातो. जे आकृतीच्या मागे असते आणि जे आकृतीच्या खाली असते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागचा पडदा चित्रकार चित्राबरोबरच रंगवतो, आणि तो प्रेक्षकाला दिसतो. खालचा थर चित्र सुरू होण्यापूर्वीच तयार असतो. चित्र पूर्ण झाले की तो बहुतांशी झाकला जातो, आणि तरीही चित्रातील प्रत्येक रंगाची उजळी त्याच्यावर अवलंबून राहते. रंगकामाच्या बोलीत या थराला ‘अस्तर’ म्हणतात. फारसी-उर्दू परंपरेत चित्र, गालिचा आणि छापील कापड यांच्या तळाच्या रंगाला ‘जमीन’ म्हणतात. आणि हाच शब्द उर्दू काव्यशास्त्रातही पारिभाषिक अर्थाने रूढ आहे. चित्रकाराची जमीन आणि शायराची जमीन एकाच शहरात, एकाच काळात शेजारी नांदल्याचे उदाहरण म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील लखनौकडे पाहता येते.

आधी चित्रकाराच्या जमिनीचा व्यवहार समजून घेणे आवश्यक आहे. ताणून बसवलेल्या कापडावर प्रथम सरसाचा हात दिला जातो, कारण जवसाचे तेल थेट धाग्यांत मुरले तर कापड कालांतराने ठिसूळ होते. त्यावर खडूचे किंवा शिशाच्या सफेद्याचे पांढरे अस्तर येते. येथपर्यंतची कृती संरक्षणासाठी आहे. यानंतरची पायरी मात्र दृष्टीशी संबंधित आहे. अंबर, सिएना, यलो ऑकर असा एखादा मातीरंग पातळ करून तो संपूर्ण कॅनव्हासवर फिरवला जातो, चिंधीने पुसून सारखा केला जातो आणि वाळू दिला जातो. इटालियन चित्रकार यास ‘इंप्रिमातुरा’ म्हणत. वासारीने १५५० साली प्रसिद्ध केलेल्या चित्रकारचरित्रांच्या तांत्रिक प्रस्तावनेत तैलचित्रापूर्वीच्या अशा रंगीत लेपाची माहिती दिली आहे. त्याचे कारण साधे आहे. शुभ्र पृष्ठभागावर ठेवलेला कोणताही मध्यम रंग डोळ्याला आहे त्याहून गडद भासतो. चित्रकार नकळत सगळे रंग फिकट करत जातो आणि चित्राला बळ राहत नाही. पृष्ठभाग आधीच मध्यम छटेचा असेल, तर त्यापेक्षा उजळ काय आणि गडद काय हे पहिल्या फटकाऱ्यापासून ताडता येते.

याहूनही महत्त्वाचा एक परिणाम आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. पांढऱ्या जमिनीवर प्रकाश आयता मिळतो, सावली घालावी लागते. रंगीत जमिनीवर सावली आयती मिळते, प्रकाश घालावा लागतो. तैलचित्रकार पुष्कळदा सावलीच्या जागी अस्तर तसेच उघडे सोडतो किंवा त्यावर रंगाची झिरझिरीत झिलई देतो; कपाळ, नाक, मोती, जर या जागी मात्र सफेद्याचा जाड थर देतो. म्हणजे एका पद्धतीत जी गोष्ट ‘करावी’ लागते ती दुसऱ्या पद्धतीत ‘सोडावी’ लागते. दोन भाषांच्या व्याकरणात असावा तसा हा फरक आहे.

भारतीय ग्रंथपरंपरेला जमिनीची ही चिंता अपरिचित नव्हती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ (इ. स. ११२९) त्यातील मराठी ओळींमुळे मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, पण याच ग्रंथाच्या चित्रप्रकरणात म्हशीच्या कातड्यापासून केलेल्या वज्रलेपात पांढरी माती मिसळून भिंतीवर लेप देण्याची कृतीही सांगितली आहे, याकडे वाङ्मयेतिहासकारांचे लक्ष सहसा जात नाही. तेथील आदर्श स्वच्छ, गुळगुळीत, शुभ्र भूमीचा आहे. मोगल आणि त्यानंतरच्या अवधी चित्रशाळांतही हाच आदर्श कागदावर टिकला. अनेक कागद एकावर एक चिकटवून वसली तयार करावी, तीवर रेखाटन करावे, त्यावर पांढऱ्याचा पातळ थर द्यावा, त्यातून अंधूक दिसणाऱ्या रेषा पुन्हा ओढाव्यात, आणि दर थरानंतर अकीकाच्या दगडाने घोटून चकाकी आणावी, असा तो क्रम. सोमेश्वराची भिंत आणि मिहरचंदची वसली यांत साडेसहाशे वर्षांचे अंतर असले, तरी जमिनीची कल्पना एकच आहे.

मिहरचंदचे नाव येथे सहज घेतलेले नाही. इंग्रज चित्रकार टिली केटल १७६९ मध्ये मद्रासला उतरला आणि तेथून शुजाउद्दौलाच्या फैजाबाद दरबारी पोहोचला. त्याने नवाबाची मोठी तैलचित्रे रंगवली, आणि अल्पावधीतच मिहरचंदने त्यांवरून कागदावर अपारदर्शक जलरंगांत प्रतिकृती केल्या. हा चित्रकार स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आंत्वान पोलिए या कंपनीच्या अभियंत्याच्या पदरी होता. पोलिएच्या फारसी पत्रव्यवहारात, म्हणजे ‘इजाज-ए-अर्सलानी’त, चित्रकारांना दिलेल्या कामाच्या सूचनाही सापडतात. त्याच्या संग्रहातील चित्रांचे अनेक मुरक्के आज बर्लिनमध्ये आहेत.

या प्रतिकृतींचे वर्णन करताना कलेतिहासकारांनी बहुधा ‘प्रभाव’ आणि ‘संकर’ ही दोन पदे वापरली. केटलचा पवित्रा, पोशाखाच्या चुण्या, चेहऱ्याचा त्रिपाद कल हे सर्व मिहरचंदने उचलले, मात्र छायाप्रकाश त्याला पुरता साधला नाही, असा निवाडा यातून निघतो. हा निवाडा दोन पृष्ठभागांची तुलना करतो, दोन जमिनींची करत नाही. केटलच्या कॅनव्हासवर खालून वर येणारी जी सावली होती, ती मिहरचंदला शुभ्र वसलीवर वरून, बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी रचावी लागत होती. परदाज म्हणून ओळखले जाणारे हे बारीक काम मोगल चित्रशाळेत शतकभर आधी परिपक्व झाले होते. म्हणून येथे कौशल्याची उणीव शोधण्यापेक्षा अनुवादाची अडचण शोधणे अधिक उचित ठरेल. ज्या भाषेत कर्मणी प्रयोग नाही त्या भाषेत कर्मणी वाक्य आणताना अनुवादक जसा नवी रचना बांधतो, तसे हे काम आहे. आणि अनुवादकाला ‘मूळ कळले नाही’ असे म्हणण्याची घाई तौलनिक अभ्यासात तरी होऊ नये.

१७७५ मध्ये आसफउद्दौलाने राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली. योहान झोफनी १७८३ मध्ये कोलकात्यास आला, पुढील वर्षी लखनौस गेला, आणि १७८९ मध्ये इंग्लंडला परतेपर्यंत त्याचा बराच काळ या शहरात गेला. वॉरन हेस्टिंग्जसाठी त्याने रंगवलेले कर्नल मॉर्डंटच्या कोंबड्यांच्या झुंजीचे चित्र १९९४ पासून लंडनच्या टेट संग्रहात आहे. नवाबासाठी केलेली त्याची दुसरी आवृत्ती १८५७ च्या धामधुमीत नष्ट झाली, असे सांगितले जाते. शामियान्याखाली नवाब, पांढऱ्या वेषातला मॉर्डंट, कोचावर बसलेले युरोपीय, कोंबडे धरलेले माणूस, मागे दाटलेली गर्दी : इतक्या माणसांना एका हवेत बांधणे हे चित्रकारापुढील खरे आव्हान असते. अशा गर्दीच्या तैलचित्रात समान अस्तर हेच काम करते. प्रत्येक चेहऱ्याच्या सावलीतून एकच तळरंग डोकावत राहिला, तर दर्जा, धर्म आणि वेष यांनी वेगळी असलेली माणसे निदान प्रकाशापुरती एका कुटुंबातली होतात. झोफनीचा विनोद आणि त्याची सामाजिक नजर यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मिल्ड्रेड आर्चर यांच्या १९७९ च्या ग्रंथापासून ब्रिटिश व्यक्तिचित्रकारांचा प्रवास, आश्रयदाते आणि मोबदला यांचा तपशीलही उपलब्ध झाला. मात्र ही एकात्मता कोठून येते, या प्रश्नाला त्या चर्चेत दुय्यम स्थान मिळाले.

झोफनी लखनौत आला त्याच्या दोनच वर्षे आधी, १७८२ मध्ये, मीर तकी मीर दिल्लीहून तेथे आला होता, आणि १८१० मध्ये मृत्यू होईपर्यंत तेथेच राहिला. सौदाचे निधन १७८१ मध्ये लखनौतच झाले. आसफउद्दौला स्वतः ‘आसफ’ या तखल्लुसाने लिहीत असे. मुसहफी, इन्शा, आणि पुढील पिढीत नासिख व आतिश यांनी या शहराची काव्यशैली घडवली. तिच्या केंद्रस्थानी ‘जमीन’ ही संकल्पना होती. गझलेचे वृत्त, काफिया आणि रदीफ यांनी मिळून बनणारा साचा म्हणजे जमीन. तरही मुशायऱ्यात एक मिसरा दिला जाई आणि सर्व शायर त्याच जमिनीत गझल बांधत. अवघड काफिया-रदीफांची जमीन ‘संगलाख’, म्हणजे खडकाळ, मानली जाई. तीतून पीक काढणाऱ्याला उस्तादाचा मान मिळे.

मीर आणि झोफनी यांची भेट झाली होती का, हा प्रश्न प्रभावाच्या अभ्यासाला आवश्यक वाटेल; येथे तो अप्रस्तुत आहे. साम्य व्यक्तींचे नसून कृतीच्या क्रमाचे आहे. दोन्ही ठिकाणी कलावंत रिकाम्या पृष्ठभागावर सुरुवात करत नाही. पहिला शब्द किंवा पहिला फटकारा येण्यापूर्वीच निवडीची एक मर्यादा आखली गेलेली असते. अर्थात एक भेदही नोंदवला पाहिजे, आणि तो लहान नाही. शायराची जमीन सार्वजनिक असते. ती सर्वांना ऐकू येते, दर शेराच्या शेवटी परत येते, आणि तीच समान असल्यामुळे श्रोता दोन शायरांची तुलना करू शकतो. चित्रकाराची जमीन खाजगी असते, झाकली जाते. म्हणूनच साहित्याच्या इतिहासाने जमिनीची दखल घेतली आणि चित्रकलेच्या इतिहासाने ती घेतली नाही. मराठीत माधव जूलियनांनी फारसी छंदांचा अभ्यास मुळापासून केला. त्यानंतर गझलेच्या चर्चेत ‘जमीन’ हा शब्द रुळला. चित्रचर्चेत मात्र तो आला नाही, आणि ‘पार्श्वभूमी’नेच ती जागा अडवून ठेवली.

पुण्यातील समकालीन घडामोड याच अंगाने पाहण्यासारखी आहे. जेम्स वेल्स १७९२ मध्ये पुण्यास आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची तैलचित्रे त्याने रंगवली. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिच्याशी निगडित असलेल्या गंगाराम तांबटाने वेरूळची लेणी रेखाटली ती कागदावर, पेन्सिल आणि जलरंगात. तेल आणि कॅनव्हास परक्या चित्रकाराकडे, कागद स्थानिक चित्रकाराकडे, ही वाटणी पुण्यात आणि लखनौत सारखीच दिसते. लखनौत ती दीर्घकाळ टिकली. तिसऱ्या म्हैसूर युद्धात कॉर्नवॉलिसच्या सैन्याबरोबर वावरलेला, त्यामुळे हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या छावण्यांच्या आसपास असलेला रॉबर्ट होम पुढे १८१४ मध्ये गाझीउद्दीन हैदरचा दरबारी चित्रकार झाला. त्याने व्यक्तिचित्रांबरोबर मुकुट, सिंहासने, बग्ग्या आणि नौकांचेही आराखडे केले. त्याच्यामागून जॉर्ज बीची आला, तोही इंग्रजच.

काळाच्या ओघात अस्तर स्वतः बोलू लागते, हा या इतिहासाचा एक अनपेक्षित भाग आहे. तेलातील शिशाचा सफेदा वर्षानुवर्षे अधिकाधिक पारदर्शक होत जातो आणि वरचा थर पातळ असेल तेथे खालचा तपकिरी रंग वर येतो. जुन्या दरबारी चित्रांचा जो गंभीर अंधार प्रेक्षक ‘काळाचे गांभीर्य’ म्हणून वाचतो, त्यात वार्निशचा पिवळेपणा असतो, धूर आणि धूळ असते, आणि काही वाटा या वर आलेल्या जमिनीचा असतो. ऱ्हासकालीन लखनौविषयीची हळहळ अशा काळवंडलेल्या चित्रांवरून पोसली गेली असेल, तर त्या हळहळीला एक रासायनिक कारणही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच दृक्‌प्रत्ययवाद्यांनी पांढऱ्या व फिकट जमिनीचा पुरस्कार केला, त्यामागे त्यांची प्रकाशाची ओढ तर होतीच, पण काळवंडलेल्या जुन्या चित्रांचा धडाही होता.

लखनौत तैलचित्रणाचे रीतसर शिक्षण १९११ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय कला व हस्तकला विद्यालयाने सुरू केले. १९२५ मध्ये असितकुमार हालदार त्याचे प्राचार्य झाले आणि १९४५ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्याबरोबर बंगाली वॉश तंत्र लखनौत आले आणि बंगालपेक्षाही तेथे अधिक काळ रुजले. हे तंत्र अवनींद्रनाथांनी १९०३ च्या सुमारास कोलकात्यास आलेल्या योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो यांच्या सहवासातून घडवले होते. त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. कागदावर जलरंगात चित्र उभे करावे, रंग वाळल्यावर कागद पाण्यात बुडवावा, सुटा रंग निघून गेल्यावर एखाद्या छटेचा पातळ हात संपूर्ण चित्रावर फिरवावा, पुन्हा रंगवावे, पुन्हा बुडवावे. तैलचित्राचे रंगीत अस्तर जे खालून साधते, ते वॉश वरून साधते. सगळी आकृती एका धुक्यात, एका स्वरात भिजते.

स्वदेशीच्या चर्चेत वॉश हा तैलरंगाला दिलेला नकार म्हणून मांडला गेला. माध्यमापुरते ते खरे आहे. पण अवधी वसलीचा आदर्श उजळ, घोटीव, प्रत्येक रंग आपापल्या कडेत स्वच्छ ठेवणारा होता. सर्व रंगांना एका छटेत बांधण्याची ओढ त्यात नव्हती. ती ओढ केटल आणि झोफनी यांच्या कॅनव्हासच्या तळाशी होती. हालदारांच्या वर्गात कागद पाण्यातून बाहेर काढून त्यावर करडा किंवा पिवळसर हात फिरवणारा विद्यार्थी तैलचित्रकाराने पहिल्या दिवशी केलेले काम शेवटच्या दिवशी करत होता.