बंदरावरचा बावटा : वादळाचा इशारा आणि त्याचा श्रोता

वादळ येणार हे कळणे आणि वादळ येणार हे कळविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. हवामानशास्त्राच्या इतिहासात पहिलीचा वृत्तान्त विस्ताराने येतो; दुसरीचा बहुधा परिशिष्टात येतो. वास्तविक हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर गेल्या दीडशे वर्षांत वादळाने जी मनुष्यहानी झाली, तिचा मोठा वाटा या दुसऱ्या क्रियेतील उणिवेच्या पदरी घालावा लागतो. इशारा ही प्रथमतः एक भाषिक कृती होय. तिला वक्ता असतो, संकेत असतो आणि श्रोता असतो. वक्ता कोण असावा याचा विचार सरकारने १९ व्या शतकातच केला. संकेतांचीही पद्धतशीर योजना झाली. श्रोता कोण, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

मराठी शब्दांपासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. 'इशारा' हा अरबी शब्द. मुळात त्याचा अर्थ खूण, निर्देश, हाताने वा नजरेने दाखविणे एवढाच. हिंदीत तो अर्थ अद्याप टिकून आहे. जुन्या मराठीतील 'इशारत' हीदेखील खूणच; इशारतीची तोफ म्हणजे ठरलेल्या वेळी वा प्रसंगी खुणेसाठी उडविलेली तोफ. अर्वाचीन मराठीत मात्र 'इशारा' म्हणजे धोक्याची पूर्वसूचना असा अर्थसंकोच झाला. खूण या मूळ अर्थाला भयाची छटा चिकटली आणि मूळ अर्थ मागे पडला. खूण पटावयाची तर ती आधी दोघांत ठरलेली असावी लागते, हे तत्त्व या शब्दाच्या पोटात आहे. पुढील सर्व इतिहास या तत्त्वाच्या पालनाचा आणि भंगाचा इतिहास आहे.

'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यात जन्मला. तेथील सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन यांनी इ. स. १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात तो प्रथम योजला. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी तो घडविला. वारा वळसा घेतो एवढेच त्या शब्दाने सांगावे, तो अचूक वर्तुळात फिरतो असे सांगू नये, हा त्यांचा कटाक्ष होता. मराठीतील 'चक्रीवादळ' हा त्याच कल्पनेचा अनुवाद. पण चक्राने वेटोळ्याची लवचीकता घालविली, हे मान्य केले पाहिजे. पिडिंग्टन यांच्या ग्रंथाचा श्रोता निश्चित होता. शिंगाच्या पारदर्शक पत्र्यावर वाऱ्याच्या दिशा कोरून, तो पत्रा नकाशावर ठेवून वादळाचा मध्य कोठे आहे हे कप्तानाने ताडावे, अशी त्यांची योजना होती. कप्तान, नकाशा आणि जहाज यांखेरीज तिच्यात कोणाला जागा नव्हती.

तथापि जमिनीवरच्या धोक्याविषयी पहिला मोठा इशारा याच गृहस्थांनी दिला, हे विसरता येत नाही. मातला नदीवर नवे बंदर वसविण्याचा बेत चालू असता, तेथे एखाद्या वादळाबरोबर समुद्राची लाट चढून सारी वसाहत बुडेल, असे त्यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरलला पत्राने कळविले. पत्र छापले गेले. बंदरही बांधले गेले. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारले. १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ आले, लाट चढली, आणि पोर्ट कॅनिंगची दुर्दशा झाली. काही वर्षांतच ते बंदर सोडून द्यावे लागले. या इशाऱ्यात वक्ता अधिकारी होता, भाषा स्पष्ट होती, श्रोताही सर्वश्रेष्ठ होता. केवळ श्रोत्याला ऐकावयाचे नव्हते. अशा उदाहरणांवर भाषाशास्त्राला काही बोलता येत नाही.

याच सुमारास इंग्लंडात अ‍ॅडमिरल फिट्झरॉय यांनी एक नवा व्यवहार सुरू केला. ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ फुटून साडेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. त्यानंतर १८६१ मध्ये बंदरांवर वादळाच्या खुणा चढविण्याची प्रथा त्यांनी घातली आणि त्याच वर्षी वृत्तपत्रातून दैनंदिन हवामानाचा अंदाज देण्यास आरंभ केला. त्यांनी निवडलेल्या इंग्रजी शब्दामागे, हे भविष्यकथन नव्हे तर शास्त्रीय अनुमान आहे, हे ठसविण्याचा हेतू होता. मराठीने या ठिकाणी 'अंदाज' हा फारसी शब्द स्वीकारला. मापणे आणि अटकळ करणे हे दोन्ही भाव त्यात आहेत. फिट्झरॉय यांना ज्या गैरसमजाची धास्ती होती, तो या मराठी शब्दाने होण्याचा संभव कमी. 'वेधशाळेचा अंदाज' या रूढ शब्दप्रयोगात मात्र एक गमतीचा अवशेष आहे. वेध घेतात ते ग्रहताऱ्यांचे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली ती ज्योतिष आणि कालमापन यांकरिता. चुंबकीय व हवामानविषयक नोंदी तेथे नियमितपणे होऊ लागल्या त्या १८४१ पासून. केरो लक्ष्मण छत्रे यांनी काही वर्षे तेथे काम केले होते. शास्त्र बदलले, इमारतीचे नाव राहिले, आणि पावसाची बातमी आजही मराठी माणसाला तारे पाहणाऱ्या संस्थेकडून मिळते.

५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कलकत्त्याच्या बंदरातील जहाजे नांगर तोडून एकमेकांवर आदळली आणि हुगळीच्या मुखाकडील गावांवर समुद्र चढला. पन्नास-साठ हजार माणसे मेली. गॅस्ट्रेल आणि ब्लॅनफर्ड यांचा अहवाल १८६६ मध्ये निघाला. दरम्यान १८६५ मध्ये सरकारने समिती नेमून इशारा देण्याची व्यवस्था केली होती; पण ती कोणासाठी, तर कलकत्ता बंदरासाठी. मेलेल्यांत बहुसंख्य खेडूत, व्यवस्था जहाजांची. या विसंगतीची त्या काळी कोणाला विशेष टोचणी लागल्याचे दिसत नाही. १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन होऊन ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले. पुढल्याच वर्षी, ३१ ऑक्टोबरच्या रात्री, मेघनेच्या मुखावरील बाकरगंज जिल्ह्यावर वादळाची लाट आली. सुमारे एक लाख माणसे बुडाली, आणि मागाहून आलेल्या साथी व उपासमार यांनी जवळजवळ तितकीच आणखी नेली. निजलेल्या माणसांना उद्देशून कोणतीही खूण त्या वेळी अस्तित्वातच नव्हती.

बंदरांच्या व्यवस्थेचा मात्र विस्तार होत गेला. १८८० नंतर ती पश्चिम किनाऱ्यावर आली, १८८६ पर्यंत देशातील सर्व बंदरांना लागू झाली, आणि १८९८ मध्ये सर्वत्र एकच संकेतमाला ठरली. ही संकेतमाला भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगी आहे. मोठ्या बंदरांसाठी तिच्यात अकरा खुणा आहेत. दिवसा डोलकाठीवर शंकू व नळकांडी टांगतात. रात्री तांबडे व पांढरे दिवे लावतात. पहिल्या दोन खुणा दूरच्या वादळाविषयी : समुद्रात कोठे तरी वादळ घडत आहे, किंवा घडले आहे. तिसरी व चौथी 'स्थानिक' : धोका या बंदरालाच आहे. म्हणजे 'तेथे' आणि 'येथे' हा सर्वनामांतला भेद या मालेचा पहिला व्याकरणिक भेद होय. पुढे पाच ते सात धोक्याच्या आणि आठ ते दहा महाधोक्याच्या. या दोन त्रिकुटांत पुन्हा भेद आहे तो वादळाच्या वाटेचा : ते बंदराला डाव्या हाताला टाकून जाईल, उजव्या हाताला टाकून जाईल, की बंदरावरूनच जाईल. वारा कोणत्या दिशेने येणार हे यावरून कप्तानाला उमगते आणि त्याप्रमाणे तो नांगर टाकतो. लहान बंदरांना यांपैकी तीन, चार, सात, दहा आणि अकरा एवढ्या पाचच खुणा पुरेत, असे ठरले.

एवढ्या नेटक्या भाषेत एका वस्तूसाठी शब्द नाही. ती वस्तू म्हणजे पाणी. समुद्र किती चढेल, कोठवर येईल, हे या अकरांपैकी एकही खूण सांगत नाही. १८६४, १८६७, १८७६ या तिन्ही प्रसंगी माणसे मारली ती मुख्यतः लाटेने. पण लाट हा जमिनीवरच्या माणसाचा शत्रू होता, आणि ही भाषा समुद्रावरच्या माणसाची. बोलणारे ज्याच्याशी बोलतात त्याच्या गरजेपुरतेच शब्द भाषेत राहतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

अकरावी खूण तर विलक्षणच आहे. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे, आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या मते हवा बिघडण्याचा धोका आहे, असा तिचा अर्थ. पहिल्या दहांत वक्ता दूरच्या कचेरीत बसलेला असतो आणि बंदराचा अधिकारी केवळ निरोप्या असतो. अकरावीत निरोप्या स्वतः वक्ता होतो. भाषा बंद पडली आहे हे सांगण्यासाठी राखून ठेवलेला शब्द क्वचितच कोणत्या भाषेत असेल.

कोकणात या साऱ्याला एकच नाव पडले : बावटा. शंकूला वा नळकांड्याला कापडाचे काही नसते. तरी 'तीन नंबरचा बावटा लागला' असेच रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत म्हणतात आणि वृत्तपत्रेही तसेच छापतात. या रूढीत अकरा अर्थांचे दोन झाले : बावटा आहे, म्हणजे होड्या बाहेर घालू नयेत, बावटा नाही, म्हणजे हरकत नाही. डावी-उजवी वाट, दूरचे-जवळचे हे भेद कोळी व खारवी समाजाने सोडून दिले. हे अज्ञान नव्हे. परक्या संकेतातून आपल्या कामाचा तेवढा अर्थ घेऊन उरलेला टाकून देणे, हा बोलींचा नित्याचा धर्म आहे.

जमिनीवरच्या श्रोत्याकडे व्यवस्थेचे तोंड वळले ते स्वातंत्र्यानंतर, आणि तेही हळूहळू. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रच्या दिवी तालुक्यावर वादळ आले. इशारे दिले गेले होते. तरीही सुमारे दहा हजार माणसे मेली, आणि पुन्हा लाटेनेच. यानंतरच्या दशकात उपग्रहाच्या साहाय्याने एक नवी योजना झाली. किनाऱ्यावरील निवडक ठिकाणी ग्राहकयंत्रे बसविण्यात आली. प्रथम भोंगा वाजावा आणि मग त्या प्रदेशाच्या भाषेत इशारा ऐकू यावा, अशी तिची रचना होती. भोंगा ही खूण आणि त्यामागून येणारे तेलुगू वाक्य हा तिचा अर्थ. दोन्ही एकाच यंत्रातून. मे १९९० मध्ये जवळपास त्याच किनाऱ्यावर तितकेच प्रबळ वादळ आले, तेव्हा लाखो लोक आधीच हलविले गेले होते आणि मृतांची संख्या हजाराच्या आत राहिली. शंभर वर्षांत झाला नव्हता असा हा बदल होता, आणि तो घडविण्यात मातृभाषेचा वाटा लहान नव्हता. पण एका प्रदेशातील यश दुसऱ्यास आपोआप लाभत नाही. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसात पारादीपजवळ महावादळ आले, दळणवळण कोसळले, आणि पुन्हा सुमारे दहा हजार बळी गेले. त्याच ओरिसात, म्हणजे आताच्या ओडिशात, ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आले त्या वेळी दहा लाखांच्या आसपास लोक हलविण्यात आले. मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला.

श्रोता ठरला, तरी स्थळ ठरत नाही, ही नंतरची अडचण. २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला ७३. 'मुंबईत पाऊस' या वाक्यातील 'मुंबई' हे विशेषनाम त्या दिवशी एका वस्तूचे नाव राहिले नव्हते. त्यानंतर शहरात पर्जन्यमापकांचे जाळे दाट झाले आणि तासातासाच्या सूचना निघू लागल्या. तरी अंदाजाच्या मराठीत संदिग्धता आहेच. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' यातील 'तुरळक' हे ठिकाणांचे विशेषण आहे : विभागातील चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर, असा त्याचा ठरीव अर्थ. सामान्य वाचक ते पावसाला लावतो आणि पाऊस थोडा असे समजून छत्री घरी ठेवतो. 'अतिवृष्टी' या शब्दाचीही तीच गत. महाराष्ट्राच्या महसूल खात्याला एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की नुकसानभरपाईपुरती ती अतिवृष्टी. हवामान खात्याच्या मोजमापात तेवढा पाऊस 'मुसळधार'च्या पहिल्या पायरीवर असतो. एकाच दिवशीच्या एकाच वृत्तपत्रात हा शब्द दोन खात्यांच्या तोंडून दोन अर्थांनी येऊ शकतो, आणि शेतकऱ्याने कोणता घ्यावा हे त्याला कोणी सांगत नाही. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा ही रंगांची नवी भाषा ही संदिग्धता टाळण्यासाठीच आली. तीही मुळात खूणच. म्हणजे व्यवस्था फिरून 'इशाऱ्या'च्या मूळ अर्थाशी आली.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन परिसरात शिरले. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले. मराठी कानाला मात्र ते वादळाचे नाव न वाटता त्याच्या कारणाचे नाव वाटले. या खेपेस इशारा वेळेवर पोचला होता. तो दूरचित्रवाणीवर होता, हातातल्या दूरध्वनीवर होता, आणि बंदरावर बावटाही होता. हजारो माणसे आधी हलविली गेली. वादळ ओसरल्यावर विजेचे खांब आडवे झाले होते, दूरध्वनीचे मनोरे मुके होते, आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली या भागांतील कित्येक गावांची खुशाली मुंबईतील नातलगांना अनेक दिवस कळली नाही. या अवस्थेसाठी संकेतमालेत १८९८ पासून एक खूण आहे. ती अकरावी.